ढालीआधी मैदान बघा: वडिलांच्या नावाने शाळेच्या खेळांसाठी काय करावं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील बीडमधल्या धारूर तालुक्यातल्या हायस्कूलवर ३१ वर्षं पीटीचे सर होते, यंदा गेले. तुम्ही तिघा भावंडांनी मिळून दोन लाख बाजूला काढलेत आणि त्यांच्या नावाने शाळेतल्या मैदानी खेळांसाठी कायम टिकेल असं काही करायचंय. फिरती ढाल द्यावी, मैदानाला कमान बांधावी, की बँकेत ठेव ठेवून व्याजातून बक्षिसं द्यावीत, असं विचारलंत. आमच्या घरात हे काम तीन पिढ्या चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कमान नको. तिच्याखालून जाऊन कुणाचं पळणं सुधारत नाही.

ठेवीचं आमच्याच शाळेतलं उदाहरण सांगतो. चाळीसेक वर्षांपूर्वी गावातल्या एका भल्या माणसाने पाच हजारांची ठेव ठेवली होती. वर्षाला पाचशेच्या आसपास व्याज यायचं. त्यात पहिल्या तीन नंबरांना स्टीलचे डबे मिळायचे आणि पळालेल्या सगळ्या लेकरांना चिवडा-केळी व्हायची. मुद्दल आजही पाच हजारच आहे. व्याजात आता एका लेकराचे बूट येत नाहीत. देणाऱ्याच्या मनात खोट नव्हती, पण ठेव जागेवर राहिली आणि महागाई पुढे निघून गेली. ढालीचंही पाहिलंय. पहिली चार वर्षं तिच्यावर नावं कोरली गेली, पाचव्या वर्षी कोरायचे पैसे कुणी द्यायचे यावर अडलं आणि ढाल कपाटात गेली ती गेलीच.

आमचं गाव लातूरकडच्या औसा-निलंगा पट्ट्यातलं. जमीन काळी, भारी. तूर-सोयाबीनला सोनं, पळायला वैरी. उन्हाळ्यात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात चार पावलांत पायाला किलोभर चिखल. तालुक्याच्या शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्याच्या दिवसांत येतात, म्हणजे सराव हवा तेव्हाच मैदान निकामी. आमच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, ७२ च्या दुष्काळात विहीर खोदायला घेतली. वरची काळी माती त्यांनी वावरात पसरली. खाली मुरूम लागला, तो मात्र बांधावर न टाकता बैलगाडीने शाळेच्या मैदानात नेऊन टाकला. विहिरीला पाणी बेताचंच लागलं, पण त्या मुरमावर पुढे लेकरं भर श्रावणात पळाली. आबांना खेळातलं काही कळत नव्हतं. शाळेतलं लेकरू चिखलात घसरून पडलेलं त्यांनी पाहिलं होतं, एवढंच.

आण्णा, म्हणजे वडील, त्याच शाळेत लागले. त्यांची दोन कामं मला आजही डोळ्यांपुढे दिसतात. एक म्हणजे आखणी. स्पर्धेच्या दिवशी पहाटे कंदील घेऊन मैदानात जायचं, मधोमध खुंटी ठोकायची, सुतळीला गाठ मारून ती ताणायची आणि खुंटीभोवती फिरत फक्की, म्हणजे रेषा आखायची पांढरी पूड, सोडायची. सुतळीचं दुसरं टोक माझ्या हातात. जरा ढिली पडली की आण्णा नुसते थांबायचे, बोलायचे नाहीत. मी ताणली की पुन्हा चालू. 'वळण वाकडं आलं तर लेकराची मेहनत खोटी ठरते,' म्हणायचे.

दुसरं काम वहीचं. लांब चौकोनी हिशेबाची वही, त्यात दरवर्षीच्या शाळेच्या स्पर्धांचे निकाल: नाव, वर्ग, वेळ किंवा अंतर, आणि शेऱ्यात 'अनवाणी', 'वारा समोरून', 'ताप असताना पळाली' असं काही. १९९३-९४ च्या पानावर एकच ओळ आहे: 'भूकंप. स्पर्धा नाहीत. मैदानावर पत्र्याची शेड.' ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हादरली, त्यानंतर आमच्या मैदानावर माणसं राहत होती. पुढच्या वर्षीच्या पानावर पुन्हा निकाल आहेत, नावं कमी आहेत. त्या वहीतले सगळ्यात चांगले आकडे आम्ही शाळेच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून घेतले. आठवीतलं पोर त्या भिंतीपाशी उभं राहून, '४ मीटर ८० म्हणजे इथून कुठवर?' असं पावलं टाकून मोजतं, तेव्हा कळतं की ढालीने जे होत नाही ते पाचशे रुपयांच्या रंगाने होतं. तुमच्या वडिलांनीही अशी वही ठेवली असेल. घरातली कपाटं आधी बघा.

माझ्या मते आमच्या घरचं सगळ्यात मोठं काम मात्र आत्याचं. तिने ना जमीन दिली ना पैसा. नववी-दहावीतल्या मुली तालुक्याला पहिल्या यायच्या आणि जिल्ह्याला जायच्या वेळी घरचे नको म्हणायचे. कारण विचारलं की एकच प्रश्न: 'संग बाई कोण हाय?' शाळेत शिक्षिका दोनच, त्यांच्या घरी लहान लेकरं. मग आत्या म्हणाली, मी जाते. शिक्षण चौथी, धावण्यातलं ओ की ठो माहीत नाही. पण एसटीत मुलींच्या मधल्या सीटवर ती बसायची, मुक्कामाच्या शाळेत दाराशी अंथरूण टाकायची, पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लिंबू, साखर-मीठ आणि मुलींना लागणाऱ्या बाकीच्या वस्तू. १८ वर्षं ती गेली. त्या १८ वर्षांत आमच्या शाळेची एकही मुलगी 'घरून सोडलं नाही' म्हणून जिल्ह्याला मुकली नाही. वहीत तिचं नाव कुठेच नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

आपल्या मराठवाड्यात कुस्तीला घराणी आहेत. पाटोद्याच्या आवारे घराचं बघा: वडील पैलवान, त्यांनी घरातूनच राहुलला घडवायला सुरुवात केली. पुढे त्याने रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार आणि नंतर काका पवार यांच्याकडे धडे घेतले, ते दोघंही लातूरकडचेच. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण आणलं, २०१९ ला जागतिक स्पर्धेत कांस्य. कुस्तीच्या पोराला मागे तालीम असते, वस्ताद असतो, जत्रेतला फड असतो. पळणाऱ्या पोराला यातलं काही नसतं. त्याला फक्त शाळा असते, आणि पीटीचे सर निवृत्त होऊन जागा रिकामी राहिली की तीही नसते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी, पळत जायचा. आई-वडील वीटभट्टीवर राबायचे. पण धावपटू म्हणून तो पुढे आला तो बारावीनंतर सैन्यात गेल्यावर. मग बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचं, रौप्य आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये सुवर्ण. तो सैन्यात गेला म्हणून आपल्याला कळला. जे गेले नाहीत त्यांचं काय, हा विचार मला झोपू देत नाही. एखाद्या घराने शाळेचं मैदान आपलं मानलं, तर त्या पोरांच्या मागे वस्तादासारखं कुणीतरी उभं राहतं.

आता तुमच्या दोन लाखांचं.

पहिला खर्च मुरमाचा करा. ४०० मीटरचा ट्रॅक गावच्या मैदानात बसत नाही, त्याचा हट्ट नको. २०० मीटरचा बसतो. ५० मीटरच्या दोन सरळ बाजू आणि १५.७२ मीटर त्रिज्येची दोन वळणं आखा. आतल्या फक्कीच्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून मोजलं की बरोबर २०० भरतात. लेन १.२२ मीटर रुंदीच्या, चार पुरेत. पूर्ण फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या लेनच्या पोराला पहिल्याच्या ७.६७ मीटर पुढे उभं करायचं. हे न केल्यामुळे बाहेरच्या लेनमधली चांगली लेकरं हरलेली मी पाहिली आहेत. चार लेनवर चार इंचांचा थर द्यायला साधारण ३७ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम लागतो, दाबल्यावर बसतो म्हणून थोडा जास्तच धरा. तहसीलची रीतसर परवानगी काढा, नाहीतर वडिलांच्या नावाच्या कामात ट्रॅक्टर अडकायचा. पाणी मारून रोलर फिरवायचं काम उन्हाळ्यात उरकू नका, पाणी मिळत नाही. पहिल्या दोन पावसांनंतर करा.

लांब उडीचा खड्डा किमान पावणेतीन मीटर रुंद हवा आणि दरवर्षी खोऱ्याने उकरायला हवा. आमच्याकडे एकदा घट्ट झालेल्या वाळूत एका पोराचा घोटा मोडला. त्या वर्षी उकरायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि ते लक्षात ठेवायचं काम माझं होतं.

उरलेली रक्कम संस्थेकडे देऊ नका, ठेवही करू नका. तिघा भावंडांच्या नावावर ठेवा आणि दरवर्षी प्रवासावर, बुटांवर, जेवणावर थेट खर्च करा. संपेल. संपली की पुन्हा थोडी घाला. तुमच्या भागाची अडचण आमच्यापेक्षा वेगळी आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला बिऱ्हाडं निघतात आणि जिल्हा, विभाग, राज्य या स्पर्धा तेव्हाच चालू असतात. तालुक्याला पहिलं आलेलं पोर जिल्ह्याच्या दिवशी कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत असतं. गावात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडे, नाहीतर हंगामी वसतिगृहात ते राहू शकतं का, हे सप्टेंबरमध्येच घरी जाऊन विचारावं लागतं. एका पोराचा तीन महिन्यांचा किराणा तुमच्या ढालीपेक्षा स्वस्त पडतो.

कागदपत्रांसाठीही एक माणूस लागतो. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पण प्रस्ताव वेळेत गेला तर. माझ्या डोळ्यांदेखत एका शाळेत प्रस्ताव राहिला आणि राज्यापर्यंत गेलेल्या मुलीचे गुण गेले. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, तिथेही प्रमाणपत्र तपासलं जातं. तुमच्यापैकी जो पुण्यात नोकरीला आहे, त्याने एवढंच अंगावर घ्यावं: प्रत्येक खेळाडूची फाईल आणि प्रमाणपत्रांच्या प्रती. गावी येऊन राहायची गरज नाही.

आणि मुलींसोबत कोण जाणार, हे आजच ठरवा. तुम्ही लिहिलंय की वहिनी गावातच असतात. त्यांना विचारून बघा.

येत्या रविवारी सकाळी टेप घेऊन मैदान मोजून या. ९२ मीटर लांब आणि ४२ मीटर रुंद जागा मोकळी हवी, म्हणजे जवळजवळ एक एकर. मध्ये झाड, हातपंप, झेंड्याचा कट्टा काय येतंय ते कागदावर काढा आणि इथे टाका. खुंट्या कुठे ठोकायच्या ते मी सांगतो.