बडीशेप, बडीशोप की बडीसोप?

प्रश्न: 'शेपू' आणि 'बडीशेप' यांचं काही नातं आहे, की नावातला नुसता योगायोग?

नातं आहे, म्हणूनच पाकिटावर 'बडीसोप' छापलेलं दिसलं की जीव जळतो. कूळ एक, झाडं दोन. शेपूचे दाणे म्हणजे बाळंतशेप. जेवणानंतर खातो ती बडीशेप. 'बडी' हिंदीतून आली. एवढं पुरे.

खरी गंमत 'शेप'मध्ये आहे. मूळ शब्द 'शतपुष्पा', प्राकृतात 'सयपुप्फा'. कदली-कयली-केळ या वाटेनं 'सय'चा 'से' झाला, आणि मराठीत ए-इ आले की 'स'चा 'श' होतो: सेज्जा-शेज, सिंदूर-शेंदूर. झाली शेप! हिंदीनं त्याच शतपुष्पेची 'सौंफ' केली. 'बडीशोप' ही माझ्या मते दोघींची सरमिसळ: 'श' आपला, 'ओ' त्यांचा. 'सोप'ला मात्र मराठीत आधार नाही.

शेपूचा संबंध 'शेपटा'शी जोडणारे विद्वान भेटतात. त्यांनी फुलावर आलेला शेपू एकदा तरी पाहावा. दांड्याच्या टोकावर एकाच बिंदूतून काड्या फुटतात, प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा तशीच छोटी छत्री, आणि तिच्यावर आत वळलेल्या पाच पाकळ्यांची इवली पिवळी फुलं. शंभर फुलं सहज भरतात. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी या छत्रीवरूनच कुळाला 'अंबेलिफेरी' म्हटलं. आपल्याकडे ज्यानं 'शतपुष्पा' म्हटलं, त्याची नजरही तिथेच होती.

शतपुष्पा म्हणजे बडीशेपच, असं ठोकून देणाऱ्यांचंही मला पटत नाही. निघंटूंत, म्हणजे आयुर्वेदाच्या वनस्पतिकोशांत, 'मिश्रेया' वेगळी दिली आहे, ती बडीशेप. दाणा तळहातावर घेऊन बघा: बाळंतशेप चपटी, कडेला पंखासारखी पातळ झालर, बडीशेप फुगीर, लांबट, ठळक शिरांची. आणि याला 'बी' म्हणू नका. ते अख्खं फळ किंवा उभं दुभंगलेलं अर्धं फळ असतं, बी आत. वास सालीतल्या तेलनळ्यांचा. धन्याचे दोन अर्धे भाग चिकटून राहतात, म्हणून तो गोल.

चक्रीफुलाला बडीशेपेचा वास येतो म्हणून त्यालाही याच कुळात ढकलतात. साफ चूक. चक्रीफुलाची शाखा सपुष्प वनस्पतींच्या अगदी पहिल्या फाट्यांपैकी, छत्रीवाल्यांचं कूळ त्यामानानं पुष्कळ अलीकडचं. चक्रीफुलात आणि बडीशेपेत ॲनेथोल हे वासाचं एकच द्रव्य आहे, पण ते त्यांनी स्वतंत्रपणे कमावलेलं आहे.