टोकन दिलं आणि ठेकेदाराने दर वाढवला: शेडचा करार करण्यापूर्वी

प्रश्न : फोंडा तालुक्यात माझ्या नावावर काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. बारा बायका कामाला आहेत. घरामागच्या जमिनीत ४० बाय १०० फुटांची लोखंडी शेड उभारायची आहे. ३४, ४१ आणि ४३ लाखांची तीन कोटेशनं आली. ३४ लाखवाला ठेकेदार बेळगावचा. त्याला बँकेतून २ लाख टोकन दिलं. आता तो व्हॉट्सॲपवर कळवतो, की स्टील चढलंय, ३ लाख वाढवा आणि ४० टक्के ॲडव्हान्स टाका, तरच काम धरतो. जमीन दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे, पंचायतीचा परवाना यायचा आहे. टोकन परत मिळेल का? दुसरा ठेकेदार निवडताना बजेट कसं धरावं?

उत्तर : कोटेशनची प्रत जोडलीत ते बरं केलंत. एकाच पानाचा कागद आहे. ‘दर ८५० रुपये चौरस फूट’ असं ठळक छापलंय, आणि खाली बारीक अक्षरांत जीएसटी वेगळा, फाउंडेशन वेगळं, क्रेन मालकाची, सर्व वाद बेळगाव न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात. ड्रॉइंग नाही, लोखंडाचं वजन नाही, पत्र्याची जाडी नाही, काम संपवण्याची तारीख नाही.

आधी एक कळकळीची विनंती. रागाच्या भरात ‘तुमचं काम रद्द’ असा मेसेज त्याला पाठवू नका. तसं केलंत तर करार तुम्ही मोडला असं तो म्हणेल. आज स्थिती उलट आहे. ठरल्या दराने काम करायला नकार त्याने दिला आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३९ प्रमाणे अशा वेळी करार संपवायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं. तो म्हणेल की अजून पक्कं काही ठरलंच नव्हतं. तेही चालेल. ठरलंच नसेल तर २ लाख ठेवून घ्यायला त्याच्याकडे आधार कुठला? टोकन जप्त होईल असं कोटेशनवर लिहिलेलं नाही. आणि लिहिलेलं असतं तरी प्रत्यक्ष नुकसान झाल्याशिवाय अशी रक्कम गिळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्सच्या प्रकरणात कलम ७४ चा अर्थ लावताना सांगितलं आहे. त्याने ड्रॉइंग काढल्याचा खरा खर्च दाखवला तर तेवढ्यावर तडजोड करा.

अडचण बेळगावची आहे. पैसे फोंड्यातून दिलेले आणि शेडची जागाही फोंड्याची असल्याने एरवी फोंड्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावता आला असता. पण दोन्हीकडच्या न्यायालयांना अधिकार असताना कागदावर एकच ठिकाण ठरवलं असेल, तर न्यायालयं साधारणपणे ते मान्य करतात. त्या कागदावर तुमची सही नाही, हा आपला मुद्दा राहील. तरी दोन लाखांसाठी चोर्ला घाटाच्या फेऱ्या घालण्यापेक्षा नोटीस आणि तडजोड हा मार्ग मला जास्त पटतो. ग्राहक आयोगाची आशा धरू नका. बारा कामगारांच्या कारखान्यासाठी घेतलेली सेवा ‘व्यापारी उद्देशाची’ ठरण्याचीच शक्यता जास्त. व्हॉट्सॲपवरचे मेसेज मात्र पुसू नका, फोनही बदलू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून ते पुराव्यात देता येतात.

आता टोकनपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट. जमीन. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) सासऱ्यांचं नाव आहे आणि इन्व्हेंटरी, म्हणजे मृताची मालमत्ता वारसांत वाटण्याची न्यायालयीन प्रक्रिया, झालेली नाही. म्हणजे ती जागा आज तुमच्या यजमानांची एकट्याची नाही. आपल्या गोव्याच्या कायद्यात मुलगा-मुलगी सारखेच वारस, आणि सहसा नवराबायकोची मालमत्ता सामाईक असते, म्हणून दिराबरोबर जावेची आणि नणंदेबरोबर तिच्या यजमानांचीही लेखी संमती घ्यावी लागेल. सासूबाई असतील तर अर्धा हिस्सा मुळात त्यांचाच. आज घरात सगळं गोडीगुलाबीचं असेल, पण शेड उभी राहिल्यावर जागेची किंमत वाढते आणि मग बोलणी बदलतात. शक्य असेल तर आधी इन्व्हेंटरी करून घ्या.

त्यानंतर जमीन रूपांतराची सनद, नगरनियोजन खात्याची मंजुरी आणि पंचायतीचा परवाना. ‘नट-बोल्टची शेड, सोडवून नेता येते, परवाना कशाला’ असं सांगणारे ठेकेदार भेटतील. त्यांचं ऐकू नका. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ मध्ये विनापरवाना बांधकाम पाडण्याचीही तरतूद आहे. ती वेळ मालकावर येते. ठेकेदार तोवर आपलं बिल घेऊन गेलेला असतो. परवाना हातात येईपर्यंत कुणालाही एक पैसा ॲडव्हान्स देऊ नका.

बजेटचं बोलू. ३४ लाखांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६ लाख १२ हजार. बेरीज ४० लाख १२ हजार. तुमचा कारखाना जीएसटीत असला तरी इमारतीवर भरलेला हा कर केंद्रीय जीएसटी (सीजीएसटी) कायद्याच्या कलम १७(५) मुळे क्रेडिट म्हणून परत मिळत नाही, तो पूर्ण खर्चातच धरा. त्यात चिऱ्यांचं जोतं, फाउंडेशन, क्रेन, पन्हळी घाला. ४१ लाखवाल्याच्या दरात यातलं काय काय आहे ते लिहून मागा, कदाचित तोच स्वस्त निघेल. तिघांनाही एकच तक्ता द्या, तो भरून घ्या, आणि एकूण खर्चाच्या दहाएक टक्के रक्कम बाजूला ठेवा.

चौरस फुटाचा दर फसवा असतो, कारण लोखंड कमी घातलं तरी फूट तेवढेच राहतात. म्हणून करारात एकूण वजन लिहून घ्या, डिझाइन आयएस ८०० या आणि वारा आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे धरलाय असं लिहून घ्या (पणजीसाठी त्यात सेकंदाला ३९ मीटर वेग दिलेला आहे), आणि माल गाडीतून उतरण्यापूर्वी काट्याची पावती घ्या. पत्र्याचंही तसंच. ‘०.५० मिलिमीटर’ म्हणजे रंग आणि लेपासकट, की नुसता पत्रा? हे लिहिलेलं नसेल तर पातळ पत्रा येतो. एक तुकडा मागा, कडेचा रंग खरवडा आणि मायक्रोमीटर लावून मोजा. आपल्या खाऱ्या हवेत झिंक-ॲल्युमिनियमचा लेप किती ग्रॅमचा, हेही करारात यायला हवं.

ठेकेदार पारखायचा तर कुंडई किंवा मडकईच्या वसाहतीत त्याने तीन-चार पावसाळ्यांपूर्वी उभारलेली शेड दाखवायला सांगा. मालकाशी एकट्याने बोला. खांबाच्या तळाचे बोल्ट, पन्हळीचे सांधे आणि आढ्याच्या जागचे स्क्रू बघा. गंज तिथून सुरू होतो.

पैसे टप्प्यांनी द्या. ॲडव्हान्स दहा टक्क्यांच्या आसपास, तोही बँक गॅरंटीवर. पुढचे हप्ते माल जागेवर आल्यावर, ढाचा उभा राहिल्यावर, पत्रा चढल्यावर. शेवटचे पाच टक्के एक अख्खा पावसाळा गळती न होता गेल्यावर. भाववाढ द्यायचीच असेल तर ती कोणत्या दरापासून, किती टक्क्यांपर्यंत, आणि कोणत्या बिलावरून हे आकड्यांत लिहा. पत्रा मेच्या मध्यापर्यंत चढायला हवा, ती तारीख घाला, उशिराची दर आठवड्याची भरपाईही घाला. एक बाब बहुतेकांना ठाऊक नसते. उशिरा झालेलं काम गुपचूप ताब्यात घेतलंत, तर करार कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे उशिराची भरपाई मागण्याचा हक्क जातो. ताबा घेतानाच ‘भरपाईचा हक्क राखून’ असं लेखी कळवायचं. कामगारांचा विमा ठेकेदाराने काढायचा आणि त्याची प्रत काम सुरू होण्याआधी द्यायची. न्यायालय फोंड्याचं.

बेळगावच्या ठेकेदाराला या आठवड्यात स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, ईमेलही करा. मजकूर एवढाच ठेवा : ‘आपण ३४ लाखांचा दर दिलात, मी २ लाख भरले, आपण आता त्या दराने काम करण्यास नकार देत आहात. सात दिवसांत मूळ दराने काम करण्याची लेखी तयारी, ड्रॉइंग आणि वजनासह, कळवा. अन्यथा आपला नकार कायम समजून करार संपल्याचे धरले जाईल आणि पंधरा दिवसांत २ लाख रुपये परत करावेत.’ पोचपावती जपून ठेवा. वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, पण तेवढं थांबू नका. पंधरा दिवस उलटले की वकिलाची नोटीस जाऊ द्या.