बाबा रात्री तीन-चारदा उठतात, हे वयामुळेच का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो, बाबा ६८ वर्षांचे. हल्ली रात्री तीन-चारदा लघवीला उठतात, बाथरूममध्ये खूप वेळ लागतो. आत्याकडे दादरला जायचं तर ट्रेन नको म्हणतात, गडकरीला नाटकाला येणंही बंद केलंय. विचारलं की "वय झालं आता" एवढंच. प्रोस्टेट असेल का?

उत्तर: ताई, ट्रेन आणि नाटकाचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण पुरुष हा त्रास बोलत नाहीत, बाहेर जाणंच कमी करतात, आणि लोकलमध्ये टॉयलेट नसतं, मग घरीच बसलेलं बरं वाटतं.

हो, प्रोस्टेट असू शकतं. ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली लघवीच्या नळीभोवती असते, पन्नाशीनंतर बऱ्याच जणांची वाढते आणि नळीवर दाब येतो. बाबांना शांतपणे विचारा, धार बारीक झालीय का, सुरू व्हायला थांबावं लागतं का, मधेच तुटते का, जाऊन आल्यावरही राहिल्यासारखं वाटतं का. पण रात्री उठणं शुगरमुळेही होतं, म्हणून अंदाजावर राहू नका, युरॉलॉजिस्टला, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांना दाखवा. लघवी, शुगर, किडनीसाठी क्रिएटिनिन या तपासण्या आणि सोनोग्राफी करतात, त्यात लघवी करून आल्यावर आत किती उरते ते बघतात. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करायची का ते डॉक्टर ठरवतील. ही वाढ म्हणजे कॅन्सर नाही, हे बाबांना आधीच सांगा, बरेच जण त्या भीतीनेच जात नाहीत.

एक गोष्ट घरात सगळ्यांनी लक्षात ठेवा. कपडे सारखे ओले होत असतील तर लघवी साफ होतेय असं समजू नका, कधीकधी मूत्राशय काठोकाठ भरलेलं असतं आणि वरचं तेवढं गळत असतं, असं बरेच दिवस चाललं तर किडनीवर परिणाम होतो. आणि सर्दीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका, काही गोळ्यांनी अशा माणसाची लघवी एकदम अडकते. पोट फुगलंय, कळ येतेय आणि थेंबही होत नाहीये, तर सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल गाठा, नळी घालून मोकळं करतात. लघवीत रक्त दिसलं, एकदाच का होईना, तरी दाखवायचंच.

औषधांनी बऱ्याच जणांना आराम पडतो, सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही. त्यातलं टॅमसुलोसिन हे औषध दिलं तर सुरुवातीला उभं राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना आधी पलंगावर थोडं बसायला सांगा, आणि बीपीची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.