ट्रकवर हायड्रॉलिक कॉम्प्रेसर बसवताय? आधी पंप मोजा

कॅटलॉगमधला सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा मिळते तो) आकडा नंतर बघा. आधी तुमचा पीटीओ पंप (ट्रकच्या इंजिनावर चालणारा तेलाचा पंप; त्याच्याच तेलावर कॉम्प्रेसरची मोटर फिरते) कामाच्या आरपीएमला मिनिटाला किती लिटर तेल देतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) किती बारला लावलाय, ते फ्लो मीटर लावून तपासा. हिशोब सोपा आहे: बार गुणिले लिटर प्रति मिनिट, भागिले 600, म्हणजे किलोवॅट. 150 बारला 40 लिटर असेल तर 10 किलोवॅट. मोटरमधली घट धरून हातात साडेआठ उरतात आणि त्यावर 7 बारला साधारण 40 सीएफएमचा स्क्रू कॉम्प्रेसर चालतो. टायरवाल्याच्या इम्पॅक्ट पान्याला एवढं चिकार झालं, पण रस्ता फोडायचा मोठा ब्रेकर एकटाच 50 च्या वर मागतो. तिथे रिसीव्हर (हवेची टाकी) मोठा घेऊन काही साधत नाही. ब्रेकर सलग हवा खातो, टाकी मिनिटाभरात रिकामी.

त्याच पंपावर क्रेनही असेल तर दोन्ही एकदम चालवायचे आहेत का, हे आत्ताच ठरवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो केस ड्रेनचा, म्हणजे मोटरच्या आत झिरपलेलं तेल बाहेर काढणाऱ्या लाइनचा. मोटरला ड्रेन पोर्ट असेल तर ती बारीक लाइन थेट तेलाच्या टाकीत सोडा. तेलाच्या परतीच्या (रिटर्न) लाइनला टी मारून जोडली की मागचा दाब केसमध्ये चढतो आणि शाफ्ट सील उडतं. मग लोक मोटरला शिव्या घालतात!

ऑइल कूलर वेगळा घ्याच. आणि स्क्रू रोज पाचच मिनिटं चालणार असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल तापत नाही, हवेतलं पाणी साचून ते दुधाळ होतं. अशा कामाला पिस्टनवालाच बरा.