डेव्हलपर वेबसाइटवर येतात पण टूल वापरून बघत नाहीत, मजकुरात काय बदलू?

तुमचं टूल पोस्टग्रेस या डेटाबेसमधला डेटा वेअरहाउसमध्ये (विश्लेषणासाठीच्या वेगळ्या साठ्यात) नेतं आणि होमपेजवर तुम्ही ‘वेगवान, स्केलेबल, आधुनिक डेटा प्लॅटफॉर्म’ असं लिहिलंय, एवढं प्रश्नावरून कळलं. मी असतो तर आधी ही तिन्ही विशेषणं काढली असती. ती सगळ्यांच्याच पानांवर असतात आणि वाचणाऱ्याला जागच्या जागी पडताळता येत नाहीत. त्याला एवढंच हवं असतं: हे घेतलं तर माझ्याकडचं काय काढून टाकता येईल?

याचा मला सर्वात आवडणारा नमुना म्हणजे एसक्यूलाइट. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला हा डेटाबेस. तो कुठे वापरावा आणि कुठे नाही, यावर त्यांच्या साइटवर एक अख्खं पान आहे. तिथे सरळ म्हटलंय की आमची स्पर्धा क्लायंट-सर्व्हर डेटाबेसशी (वेगळ्या सर्व्हरवर चालणाऱ्या, ओरॅकलसारख्या) नाही, ‘एफओपन’शी आहे, म्हणजे सी भाषेत फाइल उघडायच्या साध्या फंक्शनशी. झालं! ओरॅकलशी तुलना करायचा प्रश्नच उरत नाही, आणि जो स्वतःचा फाइल फॉरमॅट लिहीत बसलाय त्याला हे आपल्यासाठीच आहे हे लगेच उमगतं. पुढे आकडाही दिलाय: दिवसाला १ लाखाहून कमी हिट्स असलेली साइट यावर नीट चालावी. आणि एकाच वेळी अनेकांना लिहायचं असेल तर दुसरा डेटाबेस निवडा, हेही तेच सांगतात. ही मर्यादा वाचली की बाकीच्या दाव्यांवर माझा विश्वास बसतो.

दुसरी वाट सुपाबेसची, म्हणजे ॲपसाठी तयार डेटाबेस आणि बॅकएंड देणाऱ्या कंपनीची. आधी ते स्वतःला ‘रिअलटाइम पोस्टग्रेस’ म्हणवायचे, नंतर ‘फायरबेसला ओपन सोर्स पर्याय’ म्हणू लागले (फायरबेस ही गूगलची अशीच सेवा). ओळखीच्या नावाचा आधार घेतला की समजावणं सोपं होतं, पण त्या नावाबरोबर अपेक्षाही येतात. फायरबेसचा फायरस्टोअर हा डॉक्युमेंट डेटाबेस, सुपाबेसच्या मुळाशी मात्र टेबलांवर चालणारा पोस्टग्रेस. तिथून येणाऱ्याला डेटाची मांडणी नव्यानं करावी लागते. तुम्ही असं नाव घेणार असाल तर हा फरक त्याच पानावर लिहा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, जे आज टूल वापरतात त्यांना विचारा, ‘याआधी हे काम कशावर चालायचं?’ बहुधा उत्तर येईल, रात्रीची क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आणि कुणीतरी सोडून गेलेली पायथन स्क्रिप्ट. मग पहिली ओळ त्यांच्याच शब्दांत लिहा: ‘पोस्टग्रेसमधले बदल दिवसभर वेअरहाउसमध्ये जात राहतील, रात्रीची क्रॉन जॉब बंद करा.’ तिच्याखाली कॉपी करून तशीच चालेल अशी एक कमांड द्या, साइन-अप न मागता. किंमत, सिक्युरिटी, ऑडिट हे मॅनेजरसाठी वेगळ्या पानावर जाऊ द्या.

‘हे टूल कधी घेऊ नये’ हे पान मात्र आजच लिहायला घ्या. कोणते डेटा टाइप चालत नाहीत, टेबलचा स्कीमा (रचना) बदलला तर काय होतं, कनेक्शन तुटलं तर डेटा कुठून पुढे सुरू होतो, हे त्यात हवंच. डेव्हलपर इन्स्टॉल करण्याआधी नेमकं हेच शोधत असतो.