नवी बोट की डागडुजी? आधी पाणी कुठून येतं ते शोधा

पवनी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर त्यांची १३ वर्षं जुनी, १८ फुटी फायबरची मोटरबोट चालते. सकाळी मासेमारी, सुट्टीला पर्यटकांच्या फेऱ्या. रात्रभर उभी राहिली की सकाळी आत घोटाभर पाणी. कारागीर ३५,००० रुपयांत अख्ख्या तळाला नवं फायबर मारून देतो म्हणतो. विक्रेता जुनी बोट इंजिनासकट ६०,००० ला घेऊन ३,६०,००० ची नवी द्यायला तयार आहे. वरचे ३ लाख १२ टक्क्यांनी, ५ वर्षांच्या हप्त्यांवर. घरात १,४०,००० ची एफडी आहे आणि जुलैत मुलीच्या नर्सिंगची ५५,००० फी भरायची आहे.

भाऊ, आज दोन्हीपैकी काहीच करू नका. गळती नेमकी कुठे आहे हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि त्या कारागिरालाही नाही. रोग न कळता ३५,००० चं औषध कशाला?

आधी कर्जाचा हिशेब. ३ लाखांचा हप्ता महिन्याला साधारण ६,६७३ रुपये, म्हणजे वर्षाला ८०,०००. तुमच्याच आकड्यांप्रमाणे नोव्हेंबर ते मे बोटीतून खर्च वजा जाता महिन्याला १४,००० सुटतात, वर्षाचे ९८,०००. म्हणजे हाती उरले १८,०००. पावसाळ्यात बोट बाहेर निघते, हप्ता मात्र चालूच राहतो. तो धानाच्या पैशातून भरावा लागेल, आणि धान हाती यायला दिवाळी उजाडते. ५ वर्षांत व्याजच सुमारे १ लाख जाईल.

आता एफडी. फीचे ५५,००० बाजूला. पावसाळ्याच्या चार महिन्यांचा घरखर्च महिन्याला १२,००० प्रमाणे ४८,०००, त्याला हात लावायचा नाही. उरले ३७,०००. बोटीसाठी तुमची ऐपत एवढीच. कारागिराने सांगितलेली रक्कम त्यात जेमतेम बसते; पण ती चुकीच्या जागी गेली, तर दुसऱ्यांदा पैसे नाहीत.

म्हणून शोध. बोट काठावर घ्या, जुन्या टायरांवर सपाट ठेवा, आतून कोरडी पुसा, बाहेरूनही. मग आत तीन-चार बोटं पाणी भरा, जास्त नको. पाण्यात तरंगणारा तळ हवेत तेवढं वजन पेलत नाही, आणि हजार लिटर म्हणजे एक टन. तासभर थांबून खालून बघा. जिथे थेंब धरतो तिथे खडूने गोल करा. तळाचा बूच, त्याच्या कडेचे स्क्रू, पंपाच्या नळीचं भोक, मधल्या कण्यावरची घासलेली जागा, इथे आधी नजर टाका. एक भोक सापडलं म्हणून थांबू नका. जुन्या बोटीत एकाहून जास्त असू शकतात. आतून काहीच गळलं नाही, तर पाणी वरच्या जोडातून किंवा पावसाचं येत असेल. एक कोरडी रात्र ताडपत्री घालून पाण्यात उभी करा आणि सकाळी बघा; तरीही पाणी दिसलं, तर ते पावसाचं नाही.

खरा निकाल लागतो ट्रान्समवर, म्हणजे ज्या मागच्या फळीला इंजिन अडकवतात तिथे. फायबरच्या आत तिथे बहुतेकदा प्लायवूड असतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटण आवाज आला तर बरं, भदभद आला तर आत ओल आहे. इंजिन उतरवून एक बोल्ट काढा आणि भोकात तार फिरवा. तारेला काळपट, ओला भुगा लागून आला, तर ती फळी कुजली आहे, आणि तळाला कितीही फायबर मारलं तरी इंजिन एक दिवस फळीसकट सुटेल.

ट्रान्सम कोरडा निघाला, तर फक्त खुणा केलेल्या जागा दुरुस्त करा. तो भाग चांगला घासा, पूर्ण वाळू द्या, मगच मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिन (ते चिकटवून घट्ट करणारं द्रव). ओल्या किंवा तेलकट जागेवर रेझिन धरत नाही, वर्षभरात पापुद्रा सुटतो. आपल्याकडच्या मे महिन्यात रेझिन पटकन घट्ट होतं, म्हणून सकाळी लवकर, सावलीत, थोडं थोडंच कालवायला सांगा. हा खर्च ३५,००० च्या बराच खाली राहावा. कारागिराकडून जागेगणिक भाव लिहून घ्या.

ट्रान्सम कुजला असेल, तर तो बदलायचा वेगळा अंदाज घ्या. सगळी दुरुस्ती ३७,००० च्या वर गेली, तरी त्या विक्रेत्याकडे धावू नका. ६०,००० मध्ये तो तुमचं चालू इंजिनही घेतोय, आणि मला वाटतं किंमत त्या इंजिनालाच आहे. इंजिन स्वतःकडे ठेवून नुसत्या नव्या बोटीचा भाव विचारा. मासेमारीची बोट असेल, तर ऑर्डर देण्याआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुदानाचं प्रमाण सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के ठेवलेलं आहे. तुमच्या बोटीला ते सध्या मिळतं का, हे तिथेच लेखी विचारा.

एक गोष्ट मात्र आजच करा. गळती बंद होईपर्यंत पर्यटकांना बसवू नका. दोन सुट्ट्यांची कमाई बुडेल, बुडू द्या. देशातल्या नद्या-जलाशयांवर चालणाऱ्या मोटरबोटींना २०२१ च्या कायद्याने नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. कागद काढून तारखा बघा. झीज आणि कुज यांचे पैसे विमा सहसा देत नाही.

पाण्याची चाचणी झाली की मला कळवा: थेंब किती ठिकाणी धरला, आणि बोल्टच्या भोकातून तार कशी निघाली. पुढचे आकडे त्यावर मांडू.