गाढवाच्या चेहऱ्यावर काय वाचायचे?

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीने नुकताच रोबेर ब्रेसाँ यांचा ‘ओ आझार बाल्ताझार’ हा १९६६ सालचा फ्रेंच चित्रपट दाखवला. एका गाढवाच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतची ही कथा फार गाजलेली आहे असे ऐकून मी उत्सुकतेने गेलो. पण त्यातील माणसे पाठ केलेला धडा म्हणून दाखवल्यासारखी बोलतात आणि गाढव तर काहीच करीत नाही. तरीही शेवटी माझे डोळे भरून आले. हे कसे घडले असावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : गाढव काहीच करीत नाही हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे, आणि ब्रेसाँ यांना तेच हवे होते. प्राण्यांवरच्या बहुतेक चित्रपटांत प्राण्याला माणसासारखे हसवले-रडवले जाते. बाल्ताझारला मात्र ना शौर्य दिले आहे, ना माणसाची बुद्धी. तो शिंगरू असताना खेड्यातील मुले लाडाने त्याचा बाप्तिस्मा करतात, त्याला ‘शहाणपणाचे मीठ’ चारतात. पुढे शाळामास्तरांची मुलगी मारी, पाववाला, दारुडा आर्नोल्ड, सर्कस, कंजूष धान्यव्यापारी असा तो हातोहात फिरत राहतो. पाव पोहोचवण्याच्या वाटेवर तो अडून बसतो, तेव्हा जेरार नावाचा तरुण त्याच्या शेपटीला वर्तमानपत्र बांधून ते पेटवून देतो. त्या क्षणीही कॅमेरा हळहळत नाही, जे घडते तेवढेच दाखवतो.

गाढवच का, याचा धागा दस्तयेवस्कीच्या ‘इडियट’ या कादंबरीपर्यंत जातो. तिच्यातील राजपुत्र मिश्किन आजाराने सुन्न झालेला असताना बाझेलच्या बाजारात गाढवाचे ओरडणे ऐकतो आणि त्याचे मन एकाएकी निवळते. शिवाय येशू जेरुसलेममध्ये शिरला तो गाढवावर बसून, आणि बाल्ताझार हे त्याच्या जन्मानंतर भेटी घेऊन आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांपैकी एकाचे नाव, ही पार्श्वभूमी युरोपीय प्रेक्षकाच्या मनात असतेच. आपल्याला गाढव म्हटले की आधी गुळाची चव आणि वाचलेली गीता आठवते. पण काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिती करणाऱ्या एकनाथांची कथाही आपलीच आहे, आणि हा चित्रपट मला तिच्याच जवळचा वाटतो.

आता माणसांच्या बोलण्याविषयी. ब्रेसाँ व्यावसायिक नट घेत नसत आणि घेतलेल्यांना ‘मॉडेल’ म्हणत. मारीचे काम करणाऱ्या आन व्याझेम्स्कीचा हा पहिलाच चित्रपट होता. वाक्यांतला अभिनयाचा आव गळून पडेपर्यंत ते एकच प्रसंग पुन्हा पुन्हा करून घेत. गाढवाला तर आव आणणे ठाऊकच नाही. म्हणून या पद्धतीला त्याच्याइतका योग्य ‘मॉडेल’ दुसरा मिळाला नसता, असे माझे मत आहे. चेहरा काही सांगत नाही तेव्हा आपण चेहऱ्याऐवजी प्रसंग पाहू लागतो, आणि दुःख आपल्याला आपणच ओळखावे लागते.

सर्कशीतला प्रसंग आठवून पाहा. बाल्ताझार पिंजऱ्यांसमोर येतो. वाघ, पांढरे अस्वल, माकड, हत्ती एकेक करून त्याच्याकडे पाहतात आणि तो त्यांच्याकडे. केवळ डोळे, आळीपाळीने. तेथे संवाद नाही, संगीत नाही, आणि त्या नजरांत काय आहे हे दिग्दर्शक शेवटपर्यंत सांगत नाही. संपूर्ण चित्रपटात मला हीच काही मिनिटे सर्वांत जास्त छळतात.

शेवटही याच रीतीने घडवलेला आहे. ‘तो संत आहे’ असे मारीची आई सांगत असतानाही जेरार त्याला चोरटा माल वाहायला सरहद्दीवर नेतो. गोळ्या झाडल्या जातात, पोरे पळून जातात आणि सकाळी पाठीवर ओझे तसेच असलेला जखमी बाल्ताझार डोंगरउतारावरच्या मेंढ्यांच्या कळपात खाली बसतो. गळ्यातल्या घंटा वाजत असतात. कळप पुढे सरकतो, आणि तो तेथेच उरतो. कोणी त्याच्यासाठी रडत नाही. ते काम तुमच्या वाट्याला आले, एवढेच.

पुन्हा पाहण्याचा योग आला तर सुरुवातीची श्रेयनामावली चुकवू नका. शुबर्टचा ए मेजरमधील पियानो सोनाटा चालू असतो, मध्येच गाढवाच्या कर्कश ओरडण्याने तो तुटतो, आणि मग जणू काही झालेच नाही असा पुन्हा सुरू होतो.